परदेशी कामगार, नवा कायदा आणि मजुरीचा प्रश्न

(बोम्मसंद्रा येथे कामगारांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत परदेशी नागरिकांच्या वास्तव्याचा आणि रोजगाराचा प्रश्न चर्चेस घ्यावयाचा, हे कित्येकांना प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. किमान वेतन, कंत्राटी पद्धत, लांबलेल्या पाळ्या, न परवडणारे घरभाडे हे प्रश्न दारात उभे असताना पासपोर्ट आणि व्हिसा यांच्याशी कामगाराचा संबंध काय, असे कोणीही विचारील. संबंध आहे आणि तो फार निकटचा आहे. कोणाला या देशात राहू द्यावयाचे, कोणाला काम करू द्यावयाचे आणि कोणाला काम करू देऊनही बेकायदा ठरवावयाचे, हे ज्या नियमांनी ठरते, त्याच नियमांनी श्रमाच्या बाजारात मजुरीचा तळ कोठे असावा हेही ठरत असते. म्हणून १ सप्टेंबर २०२५ पासून देशात अमलात आलेल्या ‘आप्रवास आणि परकीय नागरिक अधिनियम, २०२५’ या कायद्याचा विचार कामगारांनी केला पाहिजे.

पिवळ्या मार्गाचा धडा

प्रारंभी येथीलच एक उदाहरण घेऊ. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा हा मेट्रोचा सुमारे १९ किलोमीटर लांबीचा आणि १६ स्थानकांचा पिवळा मार्ग १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाला. खांब आणि स्थानके उभी राहूनही हा मार्ग बराच काळ बंद होता, कारण धावावयास गाड्या नव्हत्या. बेंगळूरु मेट्रोसाठी २१६ डब्यांचे कंत्राट २०१९ च्या अखेरीस एका चिनी सरकारी कंपनीस मिळाले होते. अटीनुसार भारतात कारखाना काढणे त्या कंपनीस जमले नाही व पुढे बहुतेक डबे पश्चिम बंगालमधील कारखान्यात बनविण्याचे ठरले. दरम्यान २०२० साली गलवान खोऱ्यात चकमक झाली आणि चिनी नागरिकांना व्हिसा मिळणे अतिशय कठीण झाले. पहिली गाडी हेब्बगोडीच्या आगारात पोहोचावयास फेब्रुवारी २०२४ उजाडले. या विलंबाची कारणे अनेक होती, परंतु चिनी अभियंत्यांचे व्हिसा वेळेवर न मिळणे हे त्यांतील एक होते. उद्घाटन झाले तेव्हाही अवघ्या तीन गाड्या होत्या व त्या २५ मिनिटांच्या अंतराने धावत होत्या. याची किंमत कोणी मोजली? होसूर रस्त्यावर आणि सिल्क बोर्डच्या चौकात पाळी चुकू नये म्हणून तासन् तास गर्दीत अडकून पडणाऱ्या नोकरदारांनी आणि कामगारांनी.

या प्रकरणाचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. सरकारी प्रोत्साहन योजनेतील कारखान्यांचे काम चिनी तंत्रज्ञांअभावी अडू लागले, तेव्हा उद्योजकांच्या संघटनांनी सरकारकडे आग्रह धरला आणि त्यांच्यासाठी व्हिसाची वाट सुलभ करण्यात आली. सीमेवरील तणाव पुरता निवळण्याची वाट कोणी पाहिली नाही. राष्ट्रीय सुरक्षा हे कारण खोटे असते असे नव्हे. परंतु ज्याची मालकाला निकड आहे त्याच्यासाठी नियम वाकतो आणि ज्याच्यामागे कोणी उभे नाही त्याच्यासाठी तोच नियम लोखंडी होतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

नव्या कायद्याचे स्वरूप

नव्या कायद्याने चार जुने कायदे रद्द केले: १९२० चा पासपोर्ट (भारतात प्रवेश) कायदा, १९३९ चा परकीय नागरिक नोंदणी कायदा, १९४६ चा परकीय नागरिक कायदा आणि वाहतूक कंपन्यांवर जबाबदारी टाकणारा २००० सालचा कायदा. यांपैकी पहिले तीन ब्रिटिश राजवटीतील होते. परक्या राज्यकर्त्यांनी युद्धकाळाच्या संशयी दृष्टीतून घडविलेले कायदे स्वतंत्र भारताने बदलावेत, ही गोष्ट स्वागतार्हच होय. प्रश्न असा की, बदलले काय?

शिक्षा आकड्यांनिशी स्पष्ट करण्यात आल्या. वैध पासपोर्ट वा व्हिसा नसताना देशात प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बनावट कागदपत्रे वापरल्यास किमान दोन व कमाल सात वर्षे कैद, शिवाय एक ते दहा लाख रुपये दंड. मुदतीपेक्षा अधिक काळ राहिल्यास किंवा व्हिसाच्या अटी मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हॉटेलमालकांबरोबरच शिक्षणसंस्था आणि रुग्णालये यांच्यावरही परदेशी नागरिकांची माहिती कळविण्याचे बंधन घालण्यात आले. बोम्मसंद्र्याच्या मोठ्या रुग्णालयांत परदेशी रुग्ण उपचारासाठी येत असतात. त्यांच्या नोंदी ठेवण्याचे काम अखेर तेथील कर्मचाऱ्यांच्याच अंगावर पडणार.

एक गोष्ट मात्र बदलली नाही आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. एखादी व्यक्ती परकीय आहे की नाही असा प्रश्न उद्भवल्यास, आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवरच राहील, ही १९४६ च्या कायद्यातील कलम ९ ची तरतूद नव्या कायद्यानेही कायम ठेवली. सामान्य फौजदारी खटल्यात आरोप करणाऱ्याने आरोप सिद्ध करावयाचा असतो. येथे ती रीत उलटी होते. ज्याच्यापाशी जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि जमिनीचा उतारा आहे त्याला याची झळ लागत नाही. ज्याचे सर्व आयुष्य कंत्राटदाराच्या झोपडीत गेले, त्याने काय सिद्ध करावे आणि कसे?

राहण्याचा हक्क, काम करण्याचा हक्क

आता मूळ मुद्द्याकडे वळू. वास्तव्याचा हक्क आणि रोजगाराचा हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत. विद्यार्थी व्हिसावर आलेल्यास येथे राहता येते, नोकरी करता येत नाही. रुग्णासोबत आलेल्या नातेवाइकासही तीच अट लागू असते. नोकरीसाठी वेगळा रोजगार व्हिसा लागतो आणि त्याच्या अटी वाचल्या म्हणजे त्या कोणासाठी लिहिल्या आहेत हे उघड होते. अर्जदाराचे वार्षिक वेतन साधारणतः १६ लाख २५ हजार रुपयांहून अधिक हवे. म्हणजे महिन्याला एक लाख ३५ हजारांहून जास्त. पूर्वी हीच मर्यादा २५ हजार डॉलर अशी सांगितली जाई. परदेशी पद्धतीचे स्वयंपाकी, इंग्रजीखेरीज अन्य भाषांचे शिक्षक व अनुवादक, परदेशी वकिलातींतील कर्मचारी असे मोजके अपवाद सोडले, तर सर्वांना हाच नियम. ज्या कामासाठी पात्र भारतीय मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत त्या कामासाठी, तसेच नेहमीच्या कारकुनी कामासाठी हा व्हिसा मिळत नाही.

वरकरणी हा नियम भारतीय कामगाराच्या संरक्षणासाठी आहे. २००९ साली व्यवसाय व्हिसावर येऊन प्रकल्पांवर प्रत्यक्ष काम करणाऱ्या हजारो परदेशी लोकांना, मुख्यतः चिनी कामगारांना, ३१ ऑक्टोबरपर्यंत परत जाऊन रोजगार व्हिसा घेण्यास फर्मावण्यात आले. त्या वेळी हाच युक्तिवाद केला गेला आणि त्यात तथ्यही होते. वीजप्रकल्पावर वेल्डर आणि सुतार बाहेरून आणावेत आणि येथील वेल्डर बेकार बसावा, हे कोणत्या कामगारास मान्य होईल?

परंतु या नियमाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. उच्च वेतनाच्या व्यवस्थापकासाठी आणि तज्ज्ञासाठी कायदेशीर दार आहे. अंगमेहनत करणाऱ्यासाठी बहुतेक देशांतून असे दारच नाही. दार नाही म्हणून माणसे यावयाची थांबत नाहीत. नदीने शेत गिळलेला, कर्जात बुडालेला माणूस पोटासाठी वाट काढतोच. तो येतो, कचरा वेचतो, इमारतीचे लोखंड बांधतो, मात्र कायद्याच्या दृष्टीने तो कामगार नसतो. अशा माणसाला किमान वेतन मागता येत नाही, हातपाय तुटल्यास भरपाई मागता येत नाही, मुकादमाविरुद्ध ठाण्यात जाता येत नाही. ठाण्यात गेल्यास पहिला गुन्हा त्याच्यावरच दाखल व्हावयाचा. मालकाला याहून स्वस्त आणि याहून मुकाट श्रमिक कोठे मिळणार?

नेपाळी कामगाराचे उदाहरण

परदेशी कामगारास हक्क दिल्यास देश बुडेल, असे म्हणणाऱ्यांनी नेपाळकडे पाहावे. ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या भारत-नेपाळ शांतता व मैत्री कराराच्या सातव्या कलमान्वये दोन्ही देशांनी परस्परांच्या नागरिकांना वास्तव्य, मालमत्ता, व्यापार आणि संचार यांबाबत समान सवलती देण्याचे मान्य केले. नेपाळी माणसास येथे यावयास व्हिसा लागत नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या नियमांतही नेपाळी आणि भूतानी नागरिकांना ‘आंतरराष्ट्रीय कामगार’ न समजता भारतीय कामगारच समजले जाते. पंचाहत्तर वर्षे हे चालू आहे. रखवालदार, उपाहारगृहातील कामगार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया म्हणून नेपाळी माणसे मुंबईपासून बेंगळूरुपर्यंत राबत आहेत आणि भारतीय नागरिकही नेपाळात काम करीत आहेत. कोणावर आकाश कोसळलेले नाही.

मात्र करारातील हक्क आणि हातातील हक्क यांत अंतर असते. सुरक्षा एजन्सीने नेमणूकपत्र दिले नाही, हजेरीपटावर नाव चढविले नाही, तर भविष्यनिर्वाह निधीचा नियम त्या रखवालदाराच्या काय उपयोगाचा? कायदेशीर दर्जा ही पहिली पायरी होय. संघटना ही दुसरी. पहिलीवाचून दुसरी कठीण आणि दुसरीवाचून पहिली पोकळ.

तिबेटी निर्वासितांचा अनुभवही असाच बोध देतो. म्हैसूर जिल्ह्यातील बैलकुप्पे येथे १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांची वसाहत झाली. त्यांना जमीन, शाळा आणि नोंदणीचे दाखले मिळाले, म्हणून ते शेती आणि व्यापार करून आपल्या पायांवर उभे राहिले. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, त्यामुळे कोणास निर्वासित मानावयाचे हे वेळोवेळी सरकारी आदेशांनी ठरते. नव्या कायद्याबरोबर निघालेल्या सवलत आदेशात नेपाळी, भूतानी, नोंदणीकृत तिबेटी, ९ जानेवारी २०१५ पर्यंत आलेले नोंदणीकृत श्रीलंकन तमिळ, तसेच अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तान येथून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती यांना सूट मिळाली. म्यानमारमधून जीव मुठीत धरून आलेल्या रोहिंग्यांना मात्र या यादीत स्थान नाही. छळ झाला की नाही, या प्रश्नाऐवजी माणूस कोणत्या देशातला आणि कोणत्या धर्माचा, हा प्रश्न पुढे आला. राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये ‘व्यक्ती’ हा शब्द आहे, ‘नागरिक’ हा नाही. समतेचे आणि जीविताचे संरक्षण परकीयासही लाभते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली चकमा निर्वासितांच्या प्रकरणात स्पष्ट केले होते. त्याच न्यायालयाने परकीयास येथे कायम राहण्याचा मूलभूत हक्क नाही, असेही १९९१ साली म्हटले आहे. शासनास सीमा राखण्याचा अधिकार आहे, हे निर्विवाद. तो अधिकार कायद्याच्या रीतीने आणि माणुसकीने वापरला जातो की नाही, एवढाच प्रश्न आहे.

जाळ्यात कोण सापडतो?

परकीयांसाठी टाकलेल्या जाळ्यात प्रथम सापडतो तो गरीब भारतीय. जानेवारी २०२० मध्ये बेंगळूरुच्या बेल्लंदूरजवळील करियम्मन अग्रहार येथे ‘बांगलादेशी’ म्हणून शेकडो झोपड्या पाडण्यात आल्या. तेथे राहणारे आसाम, त्रिपुरा, पश्चिम बंगाल आणि खुद्द उत्तर कर्नाटकातील मजूर निघाले. कर्नाटक उच्च न्यायालयाने ही कारवाई बेकायदा ठरविली. परंतु निकाल येईपर्यंत भांडीकुंडी मातीत गेली होती आणि रोजगार बुडाला होता.

महाराष्ट्रातही हेच घडले. संशयितांची पडताळणी ३० दिवसांत उरकण्याच्या केंद्रीय सूचना मे २०२५ मध्ये निघाल्या. त्यानंतर जूनमध्ये मुंबई परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालमधील काही मजुरांना थेट बांगलादेशच्या सीमेपार ढकलण्यात आले. ते मुर्शिदाबाद आदी जिल्ह्यांतील भारतीय नागरिक आहेत असे दिसून आल्यावर त्यांना परत आणावे लागले. दिल्लीतून अशाच प्रकारे बाहेर काढलेल्या बीरभूमच्या कुटुंबांना परत आणण्याचा आदेश कलकत्ता उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये दिला. या माणसांचा अपराध काय? भाषा बंगाली, धर्म इस्लाम आणि खिशात पैसा नाही, हाच. आज बंगाली बोलणारा संशयित आहे. शाबितीची जबाबदारी गरिबावर टाकणारी रीत उद्या दुसऱ्या कोणाच्या दारात येणार नाही, याची हमी कोण देईल?

मराठी कामगाराने येथे स्वतःचा इतिहास आठवावा. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध आरोळ्या उठल्या, तेव्हा कन्नड आणि तमिळ कामगार ‘उपरा’ ठरला. गिरणी मालकाची पाळी त्यामुळे एका मिनिटानेही आखूड झाली नाही. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खाजगी उद्योगांत व्यवस्थापकीय जागांपैकी ५० टक्के आणि अन्य जागांपैकी ७० टक्के स्थानिकांसाठी राखण्याचे विधेयक मंजूर केले व उद्योजकांच्या विरोधानंतर ते स्थगित ठेवले. त्या मोजमापाने बोम्मसंद्र्यातील मराठी, उडिया, बिहारी कामगारही उपराच. मुंबईतला स्थानिक होसूर रस्त्यावर परका होतो, ही साधी गोष्ट ज्याला उमगली, त्याला परकेपणाचे राजकारण उमगले.

मजुरी खाली कशाने येते?

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. बाहेरचा माणूस कमी पैशांत काम करतो, म्हणून येथील मजुरी पडते, असे कामगार म्हणतो. त्याचा अनुभव खोटा नाही. परंतु बाहेरचा माणूस कमी पैसे घेतो तो त्याच्या रक्तातील गुणामुळे नव्हे. त्याला अधिक मागण्याची सोय नसते म्हणून घेतो. कायमस्वरूपी कामगाराच्या शेजारी तेच काम करणारा कंत्राटी कामगार कमी मजुरी घेतो, तो काय परदेशी असतो? बेकायदा ठरविलेला परदेशी मजूर ही कंत्राटी पद्धतीचीच अधिक निर्दय आवृत्ती होय.

यावर उपाय कायद्यातच सापडतो. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा असो, १९४८ चा किमान वेतन कायदा असो, की २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्यांच्या जागी आलेल्या श्रमसंहिता असोत, कामगाराच्या व्याख्येत ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आहेत. नागरिकत्वाची अट तेथे घातलेली नाही. कंत्राटदाराने मजुरी बुडविल्यास ती देण्याचे दायित्व मुख्य मालकावर येते. ज्याने काम केले त्याचे दाम त्याला मिळालेच पाहिजे. त्याच्या व्हिसाचा विचार हा वेगळा विषय आहे आणि तो वेगळ्या खात्याने करावा. श्रमनिरीक्षक आणि पोलीस ही दोन कामे एका हातात गेली, की मजूर निरीक्षकाला पाहून पळतो आणि मालक निर्धास्त झोपतो.

ही भूमिका नवी नाही. १८६४ साली लंडनमध्ये कामगारांची पहिली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिच्या कार्यांत संप फोडण्यासाठी दुसऱ्या देशातून मजूर आणण्यास पायबंद घालणे हे एक ठळक कार्य होते. आलेल्या मजुरास हाकलण्याऐवजी त्यास संघटनेत आणावे, ही तिची रीत. १९०७ च्या स्टुटगार्ट येथील आंतरराष्ट्रीय परिषदेनेही राष्ट्रीयत्व वा वंश पाहून प्रवेशबंदी करण्यास विरोध केला आणि आलेल्या कामगारास समान संरक्षण मागितले.

परदेशातील आपली माणसे

या प्रश्नाची दुसरी बाजू मराठी घरांना चांगली ठाऊक आहे. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले, तेव्हा पुण्यापासून बेंगळूरुपर्यंत हजारो कुटुंबांत हाहाकार उडाला. सुटीवर आलेल्यांना कंपन्यांनी तातडीने परतण्यास सांगितले. त्या व्हिसावर नोकरी सुटली तर साधारण ६० दिवसांत दुसरी शोधावी लागते, नाहीतर देश सोडावा लागतो. उच्चशिक्षित अभियंताही मालकाशी असा बांधला जातो. कोकणातून आखातात गेलेल्या मजुराची कथा याहून कठोर आहे. तेथील कफाला पद्धतीत पासपोर्ट मालकाच्या कपाटात आणि नोकरी बदलण्याची परवानगी मालकाच्या हातात असे. कतारने २०२० साली ही परवानगीची अट काढली, त्यामागे अनेक वर्षांच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनांचा दबाव होता. भारत सरकारने १९८३ च्या उत्प्रवास कायद्यान्वये परदेशी जाणाऱ्या मजुरांच्या संरक्षणाची जबाबदारी घेतली आहे. रत्नागिरीच्या मजुरासाठी रियाधमध्ये जे न्याय्य मागावयाचे, ते बोम्मसंद्र्यात आलेल्यास नाकारावयाचे, याला कोणता तर्क आधार देईल?

काय मागावयाचे?

तेव्हा कामगार संघटनांच्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. काम केलेल्या प्रत्येकास, त्याच्या वास्तव्याचा दर्जा काहीही असो, पूर्ण मजुरी आणि अपघाताची भरपाई मिळाली पाहिजे. परकीय ठरविण्याचा निर्णय योग्य सुनावणीवाचून होता कामा नये, वकिलाची मदत मिळाली पाहिजे आणि शाबितीचा संपूर्ण भार गरिबाच्या माथी मारणारी तरतूद बदलली पाहिजे. बेकायदा मजूर राबवून नफा कमावणाऱ्या मालकास व कंत्राटदारास शिक्षा झाली पाहिजे. श्रमनिरीक्षण पोलिसी पडताळणीपासून अलग राहिले पाहिजे. निर्वासितांसाठी धर्मनिरपेक्ष कायदा झाला पाहिजे. स्थलांतरित कामगारांविषयीच्या १९४९ आणि १९७५ च्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या करारांना आणि १९९० च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास भारताने अद्याप मान्यता दिलेली नाही, ती दिली पाहिजे.

मागण्या सरकारकडे जातील आणि त्यांना वेळ लागेल. तोवर कारखान्याच्या फाटकावर करण्यासारखे काम पुष्कळ आहे. कंत्राटदार एखाद्यास ‘तो बांगलादेशी आहे, त्याचे काय ऐकता’ असे म्हणेल, तेव्हा त्याच्या हजेरीपटाची मागणी करावी. नेपाळी रखवालदाराचे नाव संघटनेच्या सभासदांच्या यादीत घालावे. बंगाली मजुराची वस्ती उठविली जात असेल तर तेथे जाऊन उभे राहावे. ज्याच्या मजुरीचे रक्षण होते, त्याला कोणाची मजुरी पाडण्यासाठी वापरता येत नाही. ज्याच्या मजुरीचे होत नाही, तो कोणत्याही देशाचा असला तरी त्याची उपासमार एक दिवस सर्वांच्या वेतनचिठ्ठीवर उतरते. म्हणून हा लढा दयेचा नाही. तो प्रत्येक कामगाराच्या स्वतःच्या भाकरीचा लढा आहे आणि तो एकजुटीनेच जिंकता येईल.